ती सुखरूप आहे म्हणे!

सल्ला केंद्रात बसणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला हा प्रसंग नवा नाही. आठवड्यापूर्वी एकटीच धावत आलेली बाई पुन्हा येते. या खेपेला सोबत दीर असतो, सासू असते, गावातला एखादा वजनदार माणूस असतो. बाईनं बरी साडी नेसलेली असते, केस नीट विंचरलेले असतात. खुर्चीच्या कडेला टेकून ती म्हणते, ‘माझी काही तक्रार नाही ताई. माझाच गैरसमज झाला होता.’ लगेच दीर म्हणतो, ‘बघा, सुखरूप आहे ना? विचारा काय विचारायचं ते तिलाच.’

अशा वेळी आपण काय करतो? दिराला आणि सासूला बाहेर बसवतो. बाईशी एकटीशी बोलतो. त्या दिवशी ती बोलली नाही, तर पुन्हा यायला सांगतो. आणि पहिल्या दिवशी तिनं जे सांगितलं, ते नोंदवहीतून खोडत नाही. यात मोठं शास्त्र नाही. दहावी शिकलेली आपली कार्यकर्तीही हे पाळते.

चीनची टेनिसपटू पेंग शुआई हिच्या बाबतीत हा साधा नियम पाळला गेला नाही. दीर आणि सासू खोलीतच बसले. नोंदवहीतलं पान तर अर्ध्या तासात फाडलं गेलं. आणि जगभरच्या बड्या क्रीडा संघटनांनी तिच्याकडे बघून मान डोलावली: सुखरूप आहे, झालं तर.

आधी काय घडलं ते नीट सांगते, कारण चार वर्षांपूर्वीच्या बातम्या आता पुसट झाल्या आहेत. पेंग शुआई हुनान प्रांतातली. आठव्या वर्षी टेनिस खेळायला लागली, शाळकरी वयातच हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तरी खेळ सोडला नाही. तैवानच्या शिए सू-वेईबरोबर तिनं २०१३ साली विम्बल्डनचं आणि २०१४ साली फ्रेंच स्पर्धेचं दुहेरी विजेतेपद मिळवलं. २०१४ च्या फेब्रुवारीत ती दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर होती. आपली सानिया मिर्झाही तिची जोडीदार होती. २०१७ साली दोघी अमेरिकन स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेल्या होत्या. चीनमध्ये खेळाडू ही सरकारची मालमत्ता. सरकारी क्रीडाशाळेत घडवायची, सरकारनं नेमलेल्या प्रशिक्षकाकडे शिकायची, बक्षिसाचा मोठा वाटा सरकारला द्यायची. २००८ च्या अखेरीस ज्या मोजक्या मुलींना स्वतःचा प्रशिक्षक आणि स्वतःचं वेळापत्रक ठरवायची मोकळीक मिळाली, त्यांत ही एक होती. म्हणजे मुकाट्यानं मान खाली घालणारी ती कधीच नव्हती.

२ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री तिनं वेइबो या चिनी समाजमाध्यमावर सोळाशेहून अधिक अक्षरांचा मजकूर लिहिला. तो झांग गाओली या गृहस्थांना उद्देशून होता. हे कोणी गल्लीतले पुढारी नव्हेत. २०१२ ते २०१७ या काळात चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च सात जणांच्या समितीत ते होते, देशाचे उपपंतप्रधान होते. बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या तयारीवर देखरेख करणाऱ्या सरकारी गटाची सूत्रंही त्यांच्याकडे होती. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिनं लिहिलं ते थोडक्यात असं. सुमारे तीन वर्षांपूर्वी झांग यांनी तिला टेनिस खेळायला बोलावलं आणि नंतर आपल्या घरी नेलं. त्यांची पत्नी घरातच होती. खोलीच्या दाराबाहेर कोणीतरी पहाऱ्याला उभं होतं. त्या दुपारी आपण नकार देत होतो, रडत होतो, असं ती लिहिते. संध्याकाळी जेवण झाल्यावर पुन्हा मनधरणी, पुन्हा दबाव. घाबरलेल्या, गोंधळलेल्या अवस्थेत अखेर आपण तयार झालो, असंही ती लिहिते. त्याच्या बऱ्याच वर्षं आधी त्यांचा एकदा संबंध आला होता, हे ती लपवत नाही. नंतर आपल्या मनात त्यांच्याविषयी ओढ निर्माण झाली, हेही लपवत नाही. माझ्याकडे पुरावा नाही, ध्वनिफीत नाही, कारण मी काही नोंदवून ठेवीन याचीच तुम्हाला कायम भीती असायची, असं ती त्यांना सुनावते. आणि मी दगडावर आपटणारं अंडं ठरले, ज्योतीवर झेपावणारा पतंग ठरले, तरी खरं ते सांगणार, असं म्हणते.

झांग यांनी यावर जाहीरपणे चकार शब्द काढला नाही. हा आरोप आहे, सिद्ध झालेला गुन्हा नाही, हे मी जाणते. पण आरोपाची शहानिशा व्हायला तो आधी ऐकला जावा लागतो.

हा मजकूर वाचून आपल्याही काही मैत्रिणी अडखळल्या होत्या, हे मान्य करू या. एका बैठकीत मी हे स्वतः ऐकलं आहे. ‘मग तिचं त्याच्यावर प्रेम होतं की काय?’ ‘अखेर तयार झालीच ना?’ बायांनो, हे प्रश्न आपण कुठे ऐकले होते? १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं हेच म्हटलं होतं. अंगावर खुणा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची संमती. दोघे पोलीस सुटले. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहून न्यायालयाला विचारलं की शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक तुम्हाला कळतो की नाही? त्या पत्रातून पेटलेल्या आंदोलनात १९८० साली मुंबई, नागपूर, दिल्लीला बाया रस्त्यावर उतरल्या, आणि आजच्या आपल्या कितीतरी संघटनांची मुळं त्या वर्षात आहेत. ज्या चळवळीचा जन्मच या प्रश्नातून झाला, तिनं पेंग शुआईचा मजकूर वाचताना अडखळायचं कारण नाही. दाराबाहेर पहारा, समोर देशातल्या सर्वांत ताकदवान सात जणांत बसलेला माणूस, वयात चाळीस वर्षांचं अंतर, आणि रडून झाल्यावर दिलेला होकार. उलट मला तर त्या मजकुराचा खरेपणा त्याच्या गुंत्यातच दिसतो. रचून सांगायचं असतं, तर तिनं सोपं करून सांगितलं असतं.

अर्ध्या तासाच्या आत मजकूर नाहीसा झाला. तिच्या खात्यावर कुणाला काही लिहिता येईना. तिचं नाव शोधलं तर काही सापडेना. काही काळ तर ‘टेनिस’ हा शब्दही शोधता येत नव्हता. एका बाईचं तोंड बंद करायला अख्ख्या खेळाचं नाव पुसून टाकावं लागलं! परदेशी वाहिनीवर तिची बातमी सुरू झाली की चीनमधल्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा काळा व्हायचा.

मग सुरू झालं ‘सुखरूप’ नाट्य. महिला टेनिस संघटनेचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह सायमन यांनी १४ नोव्हेंबरला चौकशीची मागणी केली. तीन दिवसांनी चीनच्या सरकारी वाहिनीनं पेंगच्या नावानं आलेलं एक पत्र प्रसिद्ध केलं: आरोप खरे नाहीत, मी घरी विश्रांती घेते आहे. त्या पत्राच्या छायाचित्रात टंकलेखन करतानाची संगणकाची खूण तशीच राहून गेली होती. मग सरकारी पत्रकारांकडून एकेक वस्तू बाहेर आली. मांजर कुशीत घेतलेली पेंग, भोवती खेळणी. उपाहारगृहात जेवणारी पेंग, आणि टेबलावर बसलेली माणसं मुद्दाम, पुन्हा पुन्हा त्या दिवसाची तारीख सांगताहेत. मुलांच्या स्पर्धेत मोठ्या चेंडूंवर सह्या देणारी पेंग. अपहरण झालेल्या माणसाच्या हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र देऊन फोटो काढतात, तशातलाच हा प्रकार.

२१ नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख तिच्याशी अर्धा तास दूरदृश्य संवाद करून मोकळे झाले. सोबत समितीच्या चिनी सदस्य ली लिंगवेई होत्या. म्हणजे सासूबाई खोलीतच. संवादाची चित्रफीत दिली नाही, एक छायाचित्र आणि एक निवेदन दिलं. ती बीजिंगच्या घरी सुरक्षित आहे, तिला खासगीपणा हवा आहे. आरोपाचं नाव नाही, झांग यांचं नाव नाही. ज्या गृहस्थांच्या गटानं याच समितीसाठी स्पर्धेची तयारी केली, ज्यांना बाख २०१६ साली बीजिंगमध्ये भेटले होते आणि तसं छायाचित्रही उपलब्ध आहे, त्यांच्यावरच्या आरोपाबद्दल ही समिती बोलणार तरी काय? अडीच महिन्यांवर उद्घाटन होतं. प्रक्षेपणाचे करार होते, प्रायोजक होते. यालाच ते ‘शांत मुत्सद्देगिरी’ म्हणत होते.

त्याहून चीड येते ती फेब्रुवारी २०२२ मधल्या बाख यांच्या भाषेची. तिला चौकशी हवी असेल तर आम्ही पाठिंबा देऊ, पण निर्णय तिचा, आयुष्य तिचं, अशा आशयाचं ते बोलले. निर्णय तिचा! हा शब्द आपण घडवला आहे. बाईच्या शरीराचा, लग्नाचा, मुलांचा निर्णय बाईचा, हे म्हणायला आपल्या आधीच्या पिढीनं शिव्या खाल्ल्या. तोच शब्द उचलून हे साहेब सांगतात की ज्या बाईमागे सरकारी माणूस उभा आहे, तिनं पुढे येऊन चौकशी मागावी, मग बघू.

मागे उभा असलेला सरकारी माणूस ही माझी कल्पना नाही. ७ फेब्रुवारी २०२२ ला ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकात तिची मुलाखत आली. प्रश्न आधी पाठवावे लागले होते. भाषांतराला बसले होते चिनी ऑलिंपिक समितीचे अधिकारी वांग कान. मुलाखतीत ती म्हणाली, सगळा फार मोठा गैरसमज झाला, मजकूर मीच काढून टाकला, कारण मला तसं वाटलं. याआधी डिसेंबरमध्ये सिंगापूरच्या एका दैनिकाशी बोलतानाही, माझ्यावर कुणी लैंगिक अत्याचार केला असं मी कधी म्हटलं वा लिहिलं नाही, असं ती म्हणाली होती. ‘लैंगिक अत्याचार’ हा कायद्यातला शब्द मूळ मजकुरात नाही, हे खरं. पण ‘मला घरी नेऊन संबंधाला भाग का पाडलंत?’ हा प्रश्न त्यात आहे. शब्द नाही म्हणून गोष्ट घडली नाही, हा युक्तिवादही आपण पोलीस ठाण्यात पुष्कळदा ऐकतो.

आता खरा अवघड प्रश्न. ती स्वतःच नाही म्हणते आहे, तर तिच्या वतीनं बोलणाऱ्या आपण कोण? हा प्रश्न हसून उडवायचा नाही. बाईनं तक्रार मागे घेतली तर तिला तो हक्क आहे. आपल्या चळवळीला नायिका हवी म्हणून एखाद्या थकलेल्या बाईला आपण ओढत नेता कामा नये. असं आपल्या हातून कधी कधी झालंही आहे. कदाचित तिला खरोखरच विसरायचं असेल. कदाचित आईवडिलांना जपायचं असेल. पण तक्रार मागे घेण्याचा हक्क तेव्हाच खरा, जेव्हा तक्रार करण्याचा हक्कही शाबूत असतो. जिथं एकच वाट उघडी ठेवली आहे, तिथं बाई त्या वाटेनं गेली याला निवड म्हणत नाहीत. म्हणून मी असं म्हणत नाही की तिच्या दुसऱ्या बोलण्यावर अविश्वास दाखवा. मी म्हणते, दोन्ही बोलणी नोंदवहीत राहू द्या. पहिलं तिनं रात्री एकटीनं, कुणाला न विचारता लिहिलं. दुसरं दुभाष्यासमोर केलं. त्यांतलं कुठलं पुसलं गेलं आणि कुठलं जगभर छापलं गेलं, ते बघा.

इथं आपल्या बाजूच्याही एका चुकीबद्दल बोलायला हवं. तेव्हा जगभर एकच घोषणा घुमली: ‘पेंग शुआई कुठे आहे?’ सेरेना विल्यम्स, नाओमी ओसाका यांनी ती उचलली, आपणही उचलली. जानेवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेत हे वाक्य छापलेले शर्ट प्रेक्षकांच्या अंगावरून उतरवले गेले, फलक काढून घेतला गेला, तेव्हा इतका गदारोळ झाला की आयोजकांना माघार घ्यावी लागली. घोषणेत बळ होतं. त्या पहिल्या पंधरवड्यात ती आवश्यकही होती, कारण माणूस खरंच नाहीसा होतो त्या देशात. पण ‘कुठे आहे?’ या प्रश्नाचं उत्तर देणं सरकारला फार सोपं गेलं. ही बघा, इथे आहे. मांजर आहे, खेळणी आहेत, जेवते आहे. ८ फेब्रुवारीला तर तिला ऑलिंपिकच्या मैदानावर आणून बसवलं, आयलीन गू या चिनी खेळाडूचं सुवर्णपदक बघायला. बाखही हजर होते. घोषणेचं उत्तर मिळालं, घोषणा संपली. आणि तिनं जे लिहिलं होतं, त्याचं काय झालं हे विचारायचं राहूनच गेलं.

महिला टेनिस संघटनेनं इतरांपेक्षा बरं वर्तन केलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिच्याशी खासगीत, दडपणाविना बोलू द्या आणि आरोपाची पारदर्शक चौकशी करा, या दोन मागण्या त्यांनी लावून धरल्या, आणि १ डिसेंबर २०२१ ला चीन आणि हाँगकाँगमधल्या सगळ्या स्पर्धा थांबवल्या. चीनमध्ये त्यांचे मोठे करार अडकले होते. वर्षअखेरची मुख्य स्पर्धा दहा वर्षांसाठी शेन्झेनला दिलेली होती. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ मात्र म्हणाला, अब्जभर लोकांना शिक्षा नको. (करोनामुळे त्या काळात चीनमध्ये तशाही स्पर्धा होत नव्हत्या, हे जाता जाता.) सोळा महिन्यांनी, एप्रिल २०२३ मध्ये महिला संघटनेनंही परतीची वाट धरली. परिस्थिती बदलत नाही, किंमत आपल्याच खेळाडूंना मोजावी लागते, असं कारण दिलं. आणि पुन्हा तेच पालुपद: पेंग कुटुंबासोबत बीजिंगमध्ये सुरक्षित असल्याचं तिच्या जवळच्यांकडून कळलं आहे. दोन्ही मागण्यांपैकी एकही पुरी झाली नव्हती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून चीनमध्ये सामने सुरू झाले. आणि वर्षअखेरची मुख्य स्पर्धा २०२४ पासून गेली सौदी अरेबियाच्या रियाधला!

एका टेनिसपटूच्या एका मजकुराला एवढं मोठं सरकार का भ्यालं? कारण ती एकटी नव्हती. चीनमधल्या बायकांची चळवळ आपल्याला कमी माहीत आहे, आणि याची थोडी लाज वाटायला हवी, कारण १९९५ साली आपल्यातल्या कितीतरी जणी बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेच्या निमित्तानं हुआयरोला जाऊन आल्या आहेत. स्वयंसेवी संघटनांचा मेळावा सरकारनं शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब नेऊन टाकला होता. पाऊस, चिखल, तंबू आणि पाळतीवरची माणसं. तरी सुमारे ३०,००० बाया जमल्या. त्या परिषदेच्या जाहीरनाम्यात स्त्रियांवरची हिंसा हा स्वतंत्र विषय आहे, आणि यजमान चीननं तो जाहीरनामा स्वीकारला आहे.

बरोबर वीस वर्षांनी, मार्च २०१५ मध्ये, महिला दिनाच्या तोंडावर पाच तरुण कार्यकर्त्यांना चिनी पोलिसांनी उचललं. गुन्हा काय? बसमध्ये होणाऱ्या छेडछाडीविरुद्ध चिकटपट्ट्या वाटायचं ठरवलं होतं. ३७ दिवस कोठडी. २०१८ च्या मार्चमध्ये, महिला दिनाच्याच रात्री, ‘स्त्रीवादी आवाज’ या गटाचं वेइबोवरचं खातं बंद केलं गेलं. त्याच वर्षी तिथल्या विद्यार्थिनी प्राध्यापकांविरुद्ध बोलू लागल्या. ‘मी टू’ हे शब्द अडवले गेले, तर मुलींनी चिनीत तसाच उच्चार होणारे शब्द घेतले: ‘मी’ म्हणजे तांदूळ, ‘तू’ म्हणजे ससा. भाताची वाटी आणि ससा यांची चित्रं एकमेकींना पाठवून त्या आपल्या गोष्टी सांगू लागल्या. आपल्या कानांना ते ‘मी, तू’ असंच ऐकू येतं.

त्या गोष्टी गोळा करणारी, पीडित मुलींना आधार देणारी पत्रकार हुआंग श्युएचिन सप्टेंबर २०२१ मध्ये, शिष्यवृत्तीवर इंग्लंडला निघण्याच्या आदल्या दिवशी पकडली गेली. म्हणजे पेंगनं लिहिण्याच्या दीड महिना आधी. जून २०२४ मध्ये तिला पाच वर्षांची शिक्षा झाली, आरोप राज्यसत्ता उलथवण्यास चिथावणी दिल्याचा. तिचा सहकारी वांग जिआनबिंग याला साडेतीन वर्षं. पेंग शुआई जगज्जेती होती म्हणून तिला मांजरासह फोटो तरी मिळाला. हुआंगसाठी ना कुणी शर्ट छापले, ना कुणी स्पर्धा थांबवल्या.

आणि हे सगळं वाचताना ‘चीनमध्ये असंच चालायचं’ म्हणून सुस्कारा सोडायची सोय आपल्याला नाही. २०२३ च्या जानेवारीत आपल्या ऑलिंपिकपटू कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या. महासंघाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप. तो सत्ताधारी पक्षाचा खासदार. गुन्हा नोंदवायला सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. २८ मे रोजी, नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या दिवशी, पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून फरफटत नेलं. फरक एवढाच की आपल्या मुलींचं म्हणणं पुसलं गेलं नाही. ते छापून आलं, गुन्हा नोंदला गेला, न्यायालयात उभं राहिलं. हा फरक लहान नाही. पण तो आपल्या सरकारनं दिलेला नाही. तो टिकवावा लागतो, आणि पेंग शुआईचं नाव घेऊन चीनला शिव्या देणारे आपल्याकडचे कितीजण तेव्हा जंतरमंतरवर दिसले, हे तुम्हीच आठवा.

झांग गाओली यांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी पक्षाच्या विसाव्या महाधिवेशनाचं उद्घाटन झालं. गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते. सुखरूप होते. त्यांची चौकशी झाल्याचं कुणी कधी जाहीर केलेलं नाही.

येत्या ८ मार्चसाठी फलक रंगवायला बसाल तेव्हा ‘पेंग शुआई कुठे आहे?’ हे जुनं वाक्य नका घेऊ. ‘तिच्या तक्रारीचं काय झालं?’ असं लिहा, मराठीतच लिहा. आणि खाली जागा उरली तर हुआंग श्युएचिनचं नाव घाला.